कोरी डिश

३ एप्रिल, सोमवार

पोचलो एकदाच्या. खोके बारा बांधले होते, आले अकरा, आणि नेमकी बाराव्यात चहाची गाळणी. शेवटी प्रयोगशाळेच्या गाळणकागदातून चहा गाळला. मिठू म्हणाली, आई, चहाला दवाखान्याचा वास येतोय. तिच्या तोंडाचा पट्टा सकाळी डोळे उघडले की सुरू होतो तो झोप लागेपर्यंत, उगीच नाही तिला मिठू म्हणत. सात वर्षांची आहे. शाळेला सुट्टी आहे, म्हणजे दिवसभर माझ्या मागे मागे.

घर मस्त आहे. दोन खोल्या, लांबट स्वयंपाकघर, आणि ओट्यासमोर मोठी खिडकी. खिडकीतून सगळे बारा हौद दिसतात. गोल, सिमेंटचे, एकेक हौद आमच्या जुन्या घरापेक्षा मोठा. प्रत्येकात तिलापिया मासे, हजारोंनी. हवेचे पंप चोवीस तास पाणी उडवत असतात, त्यामुळे अंगणात उभं राहिलं तरी चेहऱ्यावर बारीक तुषार येतात. या माशांना कुठला जंतुरोग झाला आहे का, हे शोधणं माझं काम. नवरा फोनवर चिडवत होता की आता तू माशांची डॉक्टरीण, फी पाण्यातच बुडणार. तो जहाजावर आहे, सप्टेंबरपर्यंत येत नाही. बोलायला काय जातंय.

फाटकावर एक गंमत झाली. राखणदाराने कपाळाला ते ताप मापायचं पिस्तूल लावलं. आकडा आला छत्तीस पूर्णांक आठ. त्याच्या कपाळाला आठ्या. दुसऱ्याला हाक मारून आकडा दाखवला, मग मिठूचाही घेतला, आणि दोघं आमच्याकडे काळजीने बघत राहिले. तुम्ही गरम आहात, म्हणाला. मी म्हटलं, जिवंत माणूस असाच असतो. त्यावर त्याने फार मायेने सांगितलं की घाबरू नका, इथलं पाणी मानवलं की उतरेल. यंत्र बिघडलेलं असणार. सगळीकडे असतंच.

ही नोकरी घेण्याचं अर्धं कारण नणंद. तिचं गाव इथून गाडीने तीन तास. अकरा वर्षांनी तिला मूल झालं, आता चार महिन्यांचं आहे. तिने आधीच बजावलंय, मिठूला कधीही पाठव, पण तिला साधी सर्दी असली तरी दारातूनच परत. मला तिचा राग येत नाही. अकरा वर्षं मी तिला दवाखान्याच्या बाकांवर बसलेली पाहिली आहे.

४ एप्रिल, मंगळवार

प्रयोगशाळा बघून मन भरलं. संगमरवरी ओटा, चांगला सूक्ष्मदर्शक, दोन उबवणपेट्या. मोठी पेटी पंचवीस अंशांवर असते, माशांच्या जंतूंसाठी. मासा थंड रक्ताचा, पाणी जितकं तितकाच तो. त्याचे जंतूही थंडाव्यात वाढतात. लहान पेटी सदतिसाची, माणसाच्या अंगाइतकी ऊब. पूर्वी पिण्याचं पाणी इथेच तपासत, तेव्हाची आहे. तिच्यावर बोटभर धूळ.

काचसामान धुणाऱ्या मावशी आहेत, पन्नाशीच्या. शांत बाई. मी कामाची पद्धत समजावून सांगितली तर मान हलवत ऐकलं, आणि मग म्हणाल्या की बाळ, हे मी अठरा वर्षं धुतेय. तोंडात मारल्यासारखं झालं, पण आवडल्या.

मिठूलाही समजावलं, कारण तिला कळलं नाही तर ती दर मिनिटाला विचारते. आजारी माशाचं पोट स्पिरिटने पुसायचं, कापायचं, पाठीच्या काट्याला चिकटलेली काळपट पट्टी म्हणजे मूत्रपिंड, त्याला तारेचं टोक लावायचं आणि डिशमधल्या रक्तमिश्रित अगारवर, म्हणजे जंतूंच्या खाण्याच्या जेलीवर, रेघा ओढायच्या. दोन दिवसांनी रेघांवर ठिपके उगवले तर रोग. आणि दरवेळी एक डिश कोरी ठेवायची. तिला काही लावायचं नाही, नुसती शेजारी उघडायची आणि झाकायची. ती कोरीच राहिली तर आपलं काम स्वच्छ. तिच्यावर काही उगवलं तर घाण आपल्याकडून आली, सगळी तपासणी रद्द. मिठू म्हणाली, म्हणजे ती डिश चहाडखोर आहे. अगदी बरोबर.

आणि इथे नम्रपणा करत नाही. नऊ वर्षांत माझी कोरी डिश एकदाही उगवलेली नाही. घरी थट्टा होते की ही हात धुण्याआधी नळ धुते. होऊ दे.

६ एप्रिल, गुरुवार

उगवली.

कोऱ्या डिशवर टाचणीच्या डोक्याएवढे करडे ठिपके, चौदा. प्रत्येकाभोवती रक्त विरघळून स्वच्छ कडं पडलेलं. माशांच्या डिशवरही तेच. नियमाने तपासणी रद्द. मला इतकी लाज वाटली की मावशींच्या समोर नजर वर करवेना. त्या म्हणाल्या, इथे असंच होतं.

पुन्हा सगळं केलं. ओटा दोनदा पुसला, बर्नर पेटता ठेवला, तार लाल होईपर्यंत तापवली.

९ एप्रिल, रविवार

सुट्टी. संध्याकाळी वसाहतीतली सगळी माणसं हौदांच्या कडेने फिरायला बाहेर पडतात. साहेब, राखणदार, मावशी, कारकून, त्यांची बायकामुलं. साहेब म्हणजे इथले व्यवस्थापक, उंच, मऊ आवाजाचे. सातव्या हौदाभोवती सगळे फेऱ्या मारतात. मलाही बोलावलं. छान वाटलं, शहरात कोण कुणाबरोबर चालतं. कुणी फारसं बोलत नाही, पण ते शांतपण खटकत नाही. मिठू उलट्या बाजूने पळत गेली तेव्हा मात्र एकेकाने तिच्या खांद्याला धरून तिला हळूच वळवलं. सगळे डावीकडूनच वळतात. मी साहेबांना विचारलं की असा नियम आहे का. ते हसून म्हणाले की नियम नाही, पाय वळतात.

एका बाईने मिठूच्या गालाला हात लावला आणि मिठू दचकली. हात गार होता म्हणे.

१२ एप्रिल, बुधवार

तिसऱ्यांदा उगवली. आता लाज गेली, राग आला. कपाटातून जुन्या नोंदवह्या काढल्या. माझ्या आधीच्या सरांचं अक्षर मोत्यासारखं आहे. पानामागून पान बघितलं. कोरी डिश उगवली, तपासणी रद्द. कोरी डिश उगवली, तपासणी रद्द. सहा वर्षं. सहा वर्षांत एकही तपासणी पूर्ण झालेली नाही, आणि दर आठवड्याला ट्रक भरून मासे बाहेर जातात.

साहेबांकडे वह्या घेऊन गेले. बऱ्यापैकी आवाज चढवला. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले की नियम तुमच्याच शास्त्राचा आहे, कोरी डिश बिघडली की निकाल धरायचा नाही, आम्ही धरला नाही. नियम माझाच होता, मीच तो रोज मिठूला शिकवते. घाण हातांची असेल असं समजून सहा वर्षं माणसांनी खरी गोष्ट धुऊन टाकली.

त्यांची खोली बंद होती, पंखा नव्हता, मला घाम फुटला होता. ते मात्र कोरडे.

१५ एप्रिल, शनिवार

सातव्या हौदात रोग आहे, त्याला आता डिश नको. डोळ्यांनी दिसतंय. मासे काळवंडलेत, डोळे बाहेर आलेत, खाणं तसंच तरंगतंय. आणि गोल फिरतात. एका अंगावर कलून, डावीकडे, सारखे डावीकडे. हा जंतू मेंदूपर्यंत जातो तेव्हा असं होतं, पुस्तकात वाचलं होतं, इतकं जवळून प्रथमच पाहिलं. जे फार आजारी आहेत ते ताजं पाणी पडतं तिथे जमून तोंडं वर करतात.

तिथे कठड्यावर एक गृहस्थ बसले होते. तेच आधीचे सर. मला वाटलं होतं ते नोकरी सोडून गेले. ते इथेच राहतात, शेवटच्या घरात, फक्त प्रयोगशाळेत येत नाहीत. मी नमस्कार केला, त्यांनी माझा हात हातात घेतला. फ्रिजमधून काढलेल्या बाटलीसारखा हात. मी कोऱ्या डिशचं विचारलं. म्हणाले की मीही आधी फार मोजायचो. मग म्हणाले, त्रास नाही हो काही, थंड वाटतं, छान वाटतं. बोलताना त्यांची पापणी लवत नव्हती. ते उठून चालायला लागले, हौदाच्या कडेने. मी घरी आले तरी खिडकीतून दिसत होते. आत मासे त्याच दिशेने, बाहेर ते.

मिठूला सांगितलं, आजपासून फिरायला जायचं नाही. ती रुसली.

१८ एप्रिल, मंगळवार

आज कोरी डिश कोरी राहिली.

परवाच्या तपासणीला मी दोन मास्क एकावर एक बांधले होते. खिडकीसुद्धा बंद केली होती, म्हणून नेमकं कशाने साधलं ते सांगता येत नाही. पण निकाल धरता येतो. सहा वर्षांतला पहिला. बाराही हौदांत तोच जंतू. अहवाल लिहिला, सही केली, शिक्का मारला, साहेबांच्या टेबलावर ठेवला. आनंद व्हायला हवा होता.

कारण खिडकी नसेल तर मास्क. आणि मास्क असेल तर तो जंतू हौदातून आला नाही, माझ्या तोंडातून आला.

साहेबांनी अहवाल वाचला, घडी केली, खिशात ठेवला. आणि विचारलं, हल्ली फिरायला येत नाही तुम्ही?

२० एप्रिल, गुरुवार

मिठू दोन दिवस नीट जेवत नाही. अर्धी चपाती, तीही माझ्या धाकाने. बोलणंही कमी झालंय. शेजारीण म्हणाली, किती शहाणी झाली हो. मला ती शहाणी नको आहे. दुपारी अंगणात स्वतःभोवती गोल गोल फिरत होती. सगळी मुलं फिरतात. मी किती वेळ बघत उभी होते कुणास ठाऊक. ती थांबली नाही, तिला चक्करही आली नाही.

रडत बसले नाही. मला एकच गोष्ट येते, ती केली. कापसाची काडी घेऊन तिच्या घशातला नमुना घेतला, माझा घेतला, मावशींचा घेतला. मावशींनी आ केला तेव्हा आत सगळं फिकट, रक्त नसल्यासारखं. तीन डिश. माणसाचा नमुना म्हणजे सदतीस अंश, हे पहिल्या वर्षी शिकवतात. लहान पेटी पुसून चालू केली, ऊब नीट येते की नाही ते तीनदा पाहिलं आणि डिश आत ठेवल्या. अगार चांगला आहे हे कळावं म्हणून माशातला ओळखीचा जंतू एका चौथ्या डिशवर ओढला, तिला नेहमीसारखं मोठ्या पेटीत सारलं.

दोन दिवस.

२२ एप्रिल, शनिवार

कोऱ्या. तिन्ही डिश कोऱ्या. चौथी भरघोस उगवली आहे, म्हणजे अगार उत्तम. भिंगातून पाहिलं, उजेडात धरून पाहिलं, तिरकं धरून पाहिलं. काही नाही. जीव भांड्यात पडला. प्रयोगशाळेतल्या स्टुलावर बसून मी मोठ्याने रडले.

म्हणजे खिडकीच होती. पंपांचे तुषार आत येतात, त्यातून जंतू डिशवर पडतो. आमच्या अंगात काही नाही. तरी या हवेत पोर ठेवायची नाही. ताबडतोब नणंदेला फोन केला. तिने दोनदा विचारलं, आजारी नाही ना गं ती? बाळ आहे घरात. मी म्हटलं, वेडी आहेस का, मी स्वतः तपासलंय तिला. जगातल्या कुठल्याही डॉक्टरवर विश्वास ठेवू नकोस, माझ्यावर ठेव. ती हसली. मग मीच गंमत म्हणून प्रयोगशाळेच्या कागदावर रीतसर लिहिलं, घशाचा नमुना निर्दोष, खाली सही, वर शिक्का.

२३ एप्रिल, रविवार

मिठू गेली. नणंद आणि तिचे यजमान गाडी घेऊन आले, बाळाला कुठे ठेवणार म्हणून तेही सोबत. फाटकाच्या आत मी त्यांना येऊच दिलं नाही. नणंदेने कागद वाचला आणि घडी करून पर्समध्ये ठेवला. मला म्हणाली, वाळलीस गं. मी म्हटलं, तुझी नजर लागली.

बाळ उकाड्याने रडून लाल झालं होतं. मागच्या सीटवर मिठूने त्याला मांडीवर घेतलं, गालाला गाल लावला, आणि ते गप्प झालं. नणंद म्हणाली, हिचे हात किती गार आहेत, बघ, त्याला बरं वाटतंय. आम्ही हसलो. मिठूने मागे वळून टाटा केला नाही. बाळाकडेच बघत होती.

बरं झालं गेली. आता मी एकटी आहे, माझं काय ते बघता येईल.

२५ एप्रिल, मंगळवार

घर खायला उठतं. स्वयंपाक केला नाही. भूक नव्हती. संध्याकाळी जरा बाहेर पडले, एकच फेरी मारीन म्हटलं. घरी आले तेव्हा उजाडलं होतं. पाय दुखत नव्हते. उकाडा कमी झालाय, रात्रीचा पंखा लागला नाही. छान वाटतं

हे वाक्य मी लिहिलं नाही. म्हणजे अक्षर माझंच आहे.

२६ एप्रिल, बुधवार

बारावा खोका आला म्हणून फाटकावर गेले. राखणदाराने पिस्तूल लावलं. २६.१. त्याचा चेहरा उजळला. म्हणाला, बघा, मानवलं पाणी.

धावत घरी. तापाची नळी तोंडात धरली, पाच मिनिटं. पारा हललाच नाही. ती पस्तिसाच्या खाली मोजत नाही. प्रयोगशाळेतला लांब तापमापक काखेत धरला. सव्वीस. हौदात बुडवला. सव्वीस.

इथे कुणाचंही अंग सदतीस नाही. मावशींचं नाही, साहेबांचं नाही. तो जंतू आत शिरला की आधी माणसाला गार करतो, मग वाढतो. आणि मी त्याला सदतिसात ठेवून विचारलं, आहेस का?

तिन्ही डिश अजून लहान पेटीतच होत्या, धुणं शुक्रवारी असतं. काढल्या. पंचविसाच्या पेटीत ठेवल्या. ओळखीचा जंतू मी सवयीने याच पेटीत ठेवला होता. तो सदतिसात ठेवला असता तर उगवलाच नसता, आणि मला तेव्हाच कळलं असतं. चार पावलांवर होती ती पेटी. चार पावलं —

देवा, ते बाळ.

२७ एप्रिल, गुरुवार

एका दिवसात उगवल्या. माझी, मावशींची. मिठूची सगळ्यांत दाट, रेघ दिसत नाही इतकी.

कालपासून फोन लावतेय. स्क्रीनला माझं बोट कळतच नाही. इतकं गार आहे. शेवटी चहा उकळला, पेला दोन्ही हातांत धरला. भाजलं, पण मिनिटभर बोट चाललं. लागला.

नणंद रडवेली होती. बाळ दूध ओढत नाही, नुसतं पडून असतं, अंग गार. दवाखान्यात नेलंय. डॉक्टरांनी घशातला नमुना घेतलाय, निकाल शनिवारी. मी म्हटलं, मिठूला त्याच्यापासून दूर कर, हे तिच्याकडून गेलंय. ती अगदी हळू म्हणाली, वहिनी, तूच तर तपासलं होतंस. डॉक्टरांनीही विचारलं होतं की घरात कुणी आजारी आहे का, मी तुझा कागद दाखवला. ते म्हणाले, मग तो प्रश्न नाही.

मला डिशचं सांगायचं होतं. सांगायला तोंड उघडलं आणि उघडंच राहिलं, वर, हवेसाठी. तोवर फोन कानावर गार पडला. कटला. पुन्हा लावायला गॅसपाशी गेले. ज्योतीजवळ जाववत नाही. दोन पावलं जाते आणि पाय वळतात.

२८ एप्रिल, शुक्रवार

चालत जायचं ठरवलं. फाटक, मग सरळ रस्ता. दिवसाउजेडी निघाले. सरळच चालत होते. सातवा हौद आला.

पुन्हा निघाले. कुंपणाला उजवा हात धरून. हात सुटलेला कळला नाही. सातवा हौद. आधीचे सर बाजूला सरकले, मला जागा दिली.

तिसऱ्यांदा —

सगळे ताज्या पाण्याच्या नळाशी उभे होते. साहेब, मावशी. तोंडं वर. मावशींनी हात पुढे केला. मी पळाले. डावीकडे पळाले.

उद्या शनिवार. डॉक्टरही नमुना सदतिसातच ठेवणार. माणसाचं बाळ, दुसरीकडे कुठे ठेवतील? डिश कोरी राहील. ते म्हणतील काही नाही, घरी घेऊन जा. मिठूच्या मांडीवर.

अकरा वर्षं बाकावर —

२९ एप्रिल, शनिवार

फोन वाजतोय. नणंदेचं नाव दिसतंय. बोट फिरवते, फिरत नाही. ओठ लावून पाहिले, गाल लावला. नाही. वाजून वाजून थांबला.

परत.

थांबला. मेसेज आलाय, वर सरकून दिसतोय तेवढा वाचला. निकाल आला वहिनी. काहीच नाही निघालं. उगीच घाबरवलंस. घरी आणलं त्याला. मिठूने लगेच घेतलं, सोडतच नाही —

पुढचं दिसत नाही.

पाव आणणारा ट्रकवाला अकराला फाटकावर येतो. बाहेरचा आहे, त्याचा आकडा बघून राखणदार अजून आठ्या घालतो. हे पान फाडून त्याच्या गाडीत टाकणार. खिडकीतून ट्रक दिसला की निघायचं. चाळीस पावलं. सरळ जाता आलं नाही तर लांबून फेकायचं. सुबक लिहायला हवं, हात वळतो.

दवाखान्यातल्या डॉक्टरांना. तुम्हाला दाखवलेल्या कागदावरची सही माझी आहे आणि तो कागद चुकीचा आहे. मी मुलीचा नमुना माणसाचा म्हणून सदतिसात ठेवला. तुम्हीही तेच केलं असेल. बाळाची डिश कोरी आहे म्हणजे काही नाही असं नव्हे. तिला टाकू नका. अजून टाकली नसेल तर ती पेटीतून बाहेर काढा आणि

ट्रक आला.

काढा आणि ठेवा

मी कठड्यापाशी कधी आले, पान हातात आहे, ओलं होतंय, ट्रक वळतोय, ठेवा तिला पं